काकांच्या पाम टीएक्सवर गाणी आणि ईमेल

निपाणीहून तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: काकांच्या कपाटात पाम टीएक्स, म्हणजे काडीने चालवायचा खिशातला छोटा कॉम्प्युटर, सापडला. चार्जर लावल्यावर सुरू झाला. आत काकांचे पत्ते आणि नोंदी जशाच्या तशा आहेत. तुम्हाला तो वापरायचाय, त्यावर गाणी ऐकायचीत आणि ईमेल वाचायचंय. जीमेलचा पत्ता घालून बघितला तर दर वेळी एरर येते, आणि घरच्या वायफायला तर तो जोडलाच जात नाही. तुमचा पत्रव्यवहार मराठीत, अधूनमधून कन्नडमध्ये. एका दुकानदाराने 'हे आता भंगारात घाला' म्हणून सांगितलं.

भंगारात घालू नका. गाणी एका संध्याकाळी सुरू होतील. ईमेलसाठी थोडी मांडणी करावी लागेल, पण तेही येतं, आणि मराठी पत्रंही वाचता येतात. एक गोष्ट मात्र आधीच मनाशी ठरवा: त्या यंत्राला आजच्या इंटरनेटशी थेट बोलायला लावण्यात वेळ घालवू नका. ते २००५ सालचं आहे. आजच्या मेल सर्व्हरला लागणारं एन्क्रिप्शन त्यात नाही आणि कंपनीकडून ते येणारही नाही, कारण पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने घेतली आणि ही सगळी यंत्रं मागे पडली. आजचं टपाल घरीच त्याला झेपेल अशा रूपात आणून ठेवायचं, हा मार्ग चालतो. बेळगावात ही यंत्रं भरात होती तेव्हा मी ती उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांना, औषध कंपन्यांच्या एमआरना, डॉक्टरांना जोडून देत होतो. आजही कुणी घेऊन आलं की आनंदाने करतो. खालचं सगळं त्या कामातून आलेलं आहे.

आधी बॅटरी. टीएक्सची बॅटरी आत बंदिस्त असते. यंत्र सपाट टेबलावर ठेवा आणि बघा: पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीनची कड उचलली गेली असेल तर चार्जिंग तिथेच थांबवा आणि बॅटरी बदलून घ्या. फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची तर नाहीच. दिसायला सगळं ठीक असेल तरी सुरुवातीला डोळ्यांसमोर चार्ज करा, रात्रभर लावून झोपू नका. टीएक्समधली नोंदींची जागा फ्लॅश मेमरीची आहे, म्हणून बॅटरी पूर्ण उतरली तरी आतलं पुसलं गेलं नाही. काकांचे पत्ते टिकले ते त्यामुळे. त्याआधीच्या टंगस्टन ई सारख्या यंत्रात हेच झालं असतं तर सगळं गेलं असतं.

म्हणून गाण्यांच्या आधी काकांच्या नोंदींची प्रत काढा. इथे बहुतेकजण अडतात, कारण केबल जोडून आजच्या विंडोज कॉम्प्युटरवर काहीच होत नाही. पाम डेस्कटॉप या पामच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामचा यूएसबी ड्रायव्हर फक्त ३२ बिटच्या विंडोजसाठी निघाला होता. ६४ बिटच्या विंडोजवर त्या ड्रायव्हरने केबल चालत नाही, कितीही वेळा इन्स्टॉल केलं तरी. घरात एखादा जुना विंडोज एक्सपीचा डबा पडून असेल तर उत्तमच. नसेल तर कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि जे-पायलट नावाचा प्रोग्राम घ्या. त्यात एक बारकावा आहे: टीएक्समध्ये पत्ते आणि कॅलेंडर नव्या पद्धतीने साठवलेलं असतं, म्हणून जे-पायलटच्या सेटिंगमध्ये जुन्या 'ॲड्रेस' आणि 'डेटबुक' ऐवजी 'कॉन्टॅक्ट्स' आणि 'कॅलेंडर' निवडा. नाहीतर सिंक झालं असं म्हणेल आणि यादी रिकामी दिसेल. दुसरा बारकावा: नुसती केबल लावून लिनक्सला यंत्र दिसत नाही. पामवर हॉटसिंक, म्हणजे कॉम्प्युटरशी नोंदी जुळवून घ्यायचं बटण, दाबल्यावरच ते दिसायला लागतं, ते न दिसणं म्हणजे केबल खराब नव्हे. हा जुना लॅपटॉप नीट सांभाळून ठेवा, ईमेलच्या वेळी त्याचंच काम आहे.

आता गाणी. याला केबल लागत नाही, कॉम्प्युटरला लावायचा कार्ड रीडर पुरतो.

कार्ड कुठलं, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. टीएक्सला जुनं एसडी कार्ड लागतं, २ जीबी किंवा त्याहून कमी. आज दुकानात मिळतात ती ३२ किंवा ६४ जीबीची कार्डं वेगळ्या पिढीची आहेत. ती खाचेत बसतात, पण यंत्र ती जसं आहे तसं वाचत नाही. कार्डावर 'एसडी' या अक्षरांखाली 'एचसी' किंवा 'एक्ससी' लिहिलेलं असेल तर ते घेऊ नका. लहान कार्ड नवीन मिळवणं कठीण झालंय, पण बटणांच्या जुन्या मोबाइलमध्ये १ आणि २ जीबीची मायक्रोएसडी कार्डं असायची. तुमच्या किंवा पाहुण्यांच्या घरात असा एखादा मोबाइल नक्की सापडेल, नाहीतर जुने मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा. ते कार्ड ॲडॉप्टरमध्ये घालून टीएक्समध्ये टाकलं की चालतं. कार्डाचं फॉरमॅट कॉम्प्युटरवर करू नका, पामवरच 'कार्ड इन्फो' उघडून करा. त्यालाच करू दिलं की पुढची निम्मी भानगड टळते.

मग कार्ड कॉम्प्युटरला लावून सगळ्यात वरच्या पातळीवर 'ऑडिओ' नावाचा फोल्डर करा, नाव रोमन लिपीत आणि मोठ्या अक्षरांत. गाणी त्यात. टीएक्समध्ये पॉकेट ट्यून्स नावाचा प्लेअर मुळातच दिलेला आहे. त्याची ती साधी आवृत्ती एमपी३ वाजवते, आणि तेवढं पुरेसं आहे. तुमची गाणी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये असतील तर आधी एमपी३ करून घ्या. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम त्याला बास आहे.

बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या आवाजासाठी साठवायची माहिती, १२८ केबीपीएस ठेवा. त्याहून जास्त ठेवून या यंत्राच्या आवाजात मला कधी फरक जाणवला नाही, जागा मात्र जाते. १२८ ला एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. म्हणजे अर्ध्या तासाच्या ख्यालाला २९ एमबी, आणि २ जीबीच्या कार्डावर सुमारे ३४ तासांचं संगीत. आपल्या भागाला हे हिशेब कळायला हवेत, कारण इथे लोक लांब गाणं ऐकतात. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाड-हुबळीकडचे. ज्या घरात यांची रेकॉर्डिंगं आहेत तिथे तीन मिनिटांच्या सिनेगीतांचा हिशेब लागू पडत नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेली नाट्यगीतं असतील तर ती मोनो आहेत. त्यांना मोनो ६४ चा बिटरेट द्या. गुणवत्ता तीच राहते आणि जागा निम्मी लागते. मोनो गाणं स्टीरिओ करून १२८ ला ठेवणं म्हणजे तोच आवाज दोनदा साठवणं.

घरात कॅसेट्स असतील तर त्या आत्ताच उतरवा. गावच्या भजनी मंडळाची, लग्नातल्या ओव्यांची, कुणा आजोबांच्या कीर्तनाची कॅसेट हरवली तर दुसरी प्रत जगात कुठेही नसते. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला लावायची आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करायचं, एवढंच काम. आवाज दबल्यासारखा, घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडजवळचा बारीक स्क्रू किंचित फिरवून हेडचा कोन जुळवा. जिथे आवाज एकदम स्वच्छ होतो तिथे थांबा. प्रत्येक कॅसेट कुठल्या ना कुठल्या वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, म्हणून हा कोन कॅसेटगणिक बदलतो. पामसाठी लहान एमपी३ करा, पण मूळ रेकॉर्डिंग मोठ्या, न दाबलेल्या स्वरूपात वेगळं जपून ठेवा.

नावांचं काय करायचं? पाम ओएसला देवनागरी कळत नाही. त्यात सगळ्या लिप्या सामावणारी युनिकोड पद्धत नाही, पाश्चात्त्य युरोपी अक्षरांचा एक लहान संच आहे, तेवढाच. गाण्याच्या फाइलचं नाव मराठीत असेल तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतील, कधी फाइल उघडणारच नाही. म्हणून फाइलचं नाव आणि आतली माहिती, म्हणजे गाणं, गायक, राग, हे सगळं रोमन अक्षरांत करा. एमपी३टॅग नावाचा प्रोग्राम हे एकगठ्ठा करून देतो. त्यातच फाइलला चिकटवलेली मोठी चित्रं काढून टाका, ३१२ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला ते ओझं कशाला? फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे आकडे, तेही इंग्रजी अंकांत, घातले की क्रम बिघडत नाही. अभंगांच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असेल तर हा क्रम महत्त्वाचा असतो.

हेडफोन वायरचेच लावा. टीएक्समध्ये ब्लूटूथ आहे, पण स्टीरिओ हेडफोनला संगीत पाठवायची सोय त्यात मुळात नाही. आजचे माइकवाले हेडफोन साधारणपणे चालतात. कधीकधी मात्र एक चमत्कारिक गोष्ट होते: तबला, तानपुरा, व्हायोलिन ऐकू येतं आणि गायकाचा आवाजच गायब. लोक फाइल खराब झाली समजून परत कन्व्हर्ट करत बसतात. फाइल उत्तम असते. पिनची अर्थिंगची कडी जॅकमध्ये नीट टेकलेली नसते, मग डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक कानावर येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजा होऊन जातो. मोनो गाण्यात तर जवळजवळ सगळंच नाहीसं होतं. पिन अगदी थोडी बाहेर ओढून बघा, किंवा तीन पट्ट्यांचा साधा, बिनमाइकचा हेडफोन घ्या. जॅकमध्ये वर्षानुवर्षांची धूळ असेल तर ती कोरडीच झटका.

पॉकेट ट्यून्सच्या सेटिंगमध्ये मागे वाजत राहण्याची परवानगी चालू केली की गाणं ऐकत ऐकत काकांच्या नोंदी चाळता येतात. स्क्रीन बंद करून ऐका आणि वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवा. जुन्या बॅटरीवर सगळ्यात जास्त ताण स्क्रीनच्या उजेडाचा आणि वायफायचा असतो, गाण्याचा नव्हे.

आता ईमेल. आधी तुमची एरर का येते ते समजून घ्या, म्हणजे पुढची मांडणी का करायची ते पटेल. पामच्या व्हर्सामेल या ईमेल प्रोग्राममध्ये पत्ता आणि पासवर्ड घातला की झालं, असा तो काळ होता. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांना नुसत्या पासवर्डाने बाहेरच्या जुन्या प्रोग्राममधून आत येणं बंद केलं. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकनेही सप्टेंबर २०२४ मध्ये तेच केलं. गुगलवर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून एखाद्या प्रोग्रामपुरता १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड मिळतो आणि पासवर्डाचा प्रश्न सुटतो. पण त्याच्या आधीची पायरीच व्हर्सामेलला चढता येत नाही. सर्व्हरशी बोलणं सुरू करताना जे एन्क्रिप्शन ठरतं त्याच्या जुन्या आवृत्त्या, टीएलएस १.० आणि १.१, मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या. टीएक्सकडे त्याहून नवं काही नाही, आणि त्यातली प्रमाणपत्रंही जुनी.

म्हणून मध्ये कुणीतरी बसवायचा. आपल्याकडे तहसील कार्यालयाबाहेर कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारा माणूस बसतो, तुम्ही मराठीत सांगता, तो कार्यालयाला चालेल असा कागद करून देतो. इथे ते काम तो जुना लॅपटॉप करणार. एका बाजूला तो जीमेलशी आजच्या पद्धतीने बोलतो, दुसऱ्या बाजूला पामशी २००५ च्या पद्धतीने.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरला तरी चालतो, पुष्कळजण तोच सुचवतात. मी मात्र आपल्या भागात जुना लॅपटॉपच घ्या म्हणेन, आणि त्याला कारण हेस्कॉमची वीज. पावसाळ्यात खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात तर विचारायलाच नको, पण निपाणीतही वीज जाते-येते. पाय एकदम बंद पडला की त्याचं मेमरी कार्ड बिघडायची भीती असते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, अर्ध्या तासाची उरली असली तरी तेवढ्यात तो नीट बंद होऊ शकतो. झाकण मिटल्यावर झोपू नये एवढी सेटिंग करून ठेवा. शिवाय त्याला वायफाय आणि केबलचं पोर्ट अशी दोन्ही तोंडं असतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवीत.

दोन तोंडं का, ते सांगतो. टीएक्सचं वायफाय ८०२.११ बी या पिढीचं आहे, फक्त २.४ गीगाहर्ट्झ, आणि सुरक्षेच्या बाबतीत त्याचा भरवसा डब्ल्यूपीए या वायफायच्या जुन्या सुरक्षा पद्धतीपर्यंतच धरा. तुमचा फायबरचा नवा राउटर त्याहून नव्या पद्धतीवर लावलेला असणार, म्हणून जोडणी होत नाही. पामसाठी घरच्या मुख्य राउटरची सुरक्षा उतरवणं हा मार्ग अजिबात नको. त्यावर घरातल्या सगळ्यांचे मोबाइल आणि बँकेचे व्यवहार चालतात. त्याऐवजी जुन्या ब्रॉडबँडच्या काळातला एखादा राउटर घ्या, अडगळीत असतोच. त्याला इंटरनेटची वायर लावू नका. वायफाय बी आणि जी मोडमध्ये, सुरक्षा डब्ल्यूपीए आणि तिच्यातलं टीकेआयपी हे जुनं एन्क्रिप्शन, चॅनेल १, ६ किंवा ११, नाव आणि पासवर्ड वेगळा. त्या राउटरच्या साध्या लॅन पोर्टमधून एक केबल लॅपटॉपला. लॅपटॉप आपल्या वायफायने मुख्य राउटरला जोडलेला. म्हणजे पाम फक्त लॅपटॉपपर्यंत पोचतो, त्यापुढे नाही. दोन जोडण्यांमध्ये लॅपटॉपने रहदारी पुढे ढकलू नये, ती सोय लिनक्समध्ये मुळात बंदच असते, तशीच राहू द्या. टीकेआयपी आजच्या मानाने कच्चं आहे, कुणी ते फोडलं तरी त्याला या एका लॅपटॉपपलीकडे काही सापडता कामा नये.

लॅपटॉपवर तीन प्रोग्राम लागतात. गेटमेल जीमेलमधून पत्रं आणतो. डव्हकॉट ती पामला देतो. पोस्टफिक्स तुमची उत्तरं बाहेर पाठवतो. गेटमेलला जीमेलचा ॲप पासवर्ड आणि ९९३ हे पोर्ट (इथे पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, केबलची जागा नव्हे), आणि आणलेली पत्रं जीमेलवरून पुसू नयेत अशी सूचना. डव्हकॉटमध्ये एन्क्रिप्शनशिवाय साध्या पासवर्डाने आत येण्याची परवानगी मुद्दाम चालू करावी लागते, आजकाल ती बंद असते. आणि डव्हकॉट, पोस्टफिक्स दोघांनीही फक्त त्या केबलच्या बाजूने आलेल्यांनाच उत्तर द्यायचं, असं बांधून टाका. पोस्टफिक्स पुढे गुगलच्या सर्व्हरला ५८७ पोर्टवरून, त्याच ॲप पासवर्डने पाठवेल. पामसाठी लॅपटॉपवर वेगळा यूजर आणि वेगळा पासवर्ड करा. गुगलचा कुठलाही पासवर्ड पामवर कधीच लिहायचा नाही.

सगळी इनबॉक्स आणू नका, ही माझी कळकळीची विनंती. जीमेलमध्ये 'पाम' नावाचं लेबल करा आणि फिल्टर लावून तुम्हाला खरोखर वाचायची पत्रं, घरच्यांची, मित्रांची, एखाद्या मासिकाची, तेवढीच त्यात पडू द्या. गेटमेलला तेवढंच लेबल आणायला सांगा. बँकेची पत्रं, ओटीपी, बिलं यांना इकडे वाट नको. सुरक्षेसाठी तर हे हवंच, पण वाचनाच्या सुखासाठीही हवं. लहान पडद्यावर जाहिरातींच्या गर्दीतून भावाचं पत्र शोधायला लागलं तर हा खटाटोप कशाला केला?

व्हर्सामेलमध्ये खातं करताना पॉप ही पत्रं उतरवून घ्यायची पद्धत निवडा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरच्या जागी लॅपटॉपचा केबलच्या बाजूचा पत्ता घाला, समजा १९२.१६८.५.१०, आणि हा पत्ता कायमचा ठरवून ठेवा. येणारं पोर्ट ११०, जाणारं २५, एसएसएल, म्हणजे एन्क्रिप्शन, दोन्हीकडे बंद. 'सर्व्हरवर पत्रं ठेवा' ला टिक. आपोआप तपासणी बंद ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ स्वतः बटण दाबून पत्रं घ्या. सतत वायफाय चालू ठेवून जुनी बॅटरी दुपारपर्यंतही टिकायची नाही.

एवढं झालं की इंग्रजी पत्रं दिसायला लागतात, आणि मराठी पत्रांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी. फाइलच्या नावांत जी अडचण होती तीच इथे. पामवर देवनागरी फॉन्ट शोधत बसू नका. लिपी लॅपटॉपवरच बदला. पत्र आणल्यावर डव्हकॉटला देण्याआधी ते एका छोट्या पायथन स्क्रिप्टमधून जाऊ द्या. स्क्रिप्टने एचटीएमएल काढून साधा मजकूर ठेवायचा, मोठी जोडपत्रं बाजूला काढायची आणि लिपी रोमन करायची. लिपी बदलायला आयसीयू नावाची मोफत लायब्ररी आहे, तिला देवनागरी येते तशी कन्नडही येते. हे तिचं सीमाभागात फार उपयोगी पडतं. एकच स्क्रिप्ट निपाणीच्या मावशीचं मराठी पत्र आणि चिक्कोडीच्या कचेरीचं कन्नड पत्र, दोन्ही वाचण्याजोगं करते.

तिचं काम दोन टप्प्यांत होतं. आधी मात्रांच्या खुणांसकट शास्त्रीय रोमन, मग खुणा काढून साधी रोमन. या दोन टप्प्यांच्या मध्ये एक काम करून घ्या. आयसीयू शब्दाच्या शेवटचा 'अ' लिहितेच, म्हणून 'घर' चं 'घरा' आणि 'बेळगाव' चं 'बेलगावा' असं दिसतं. मराठी वाचताना हे फार खटकतं. पहिल्या टप्प्यानंतर शेवटचा बिनखुणेचा ऱ्हस्व 'अ' काढून टाका. तेव्हाच काढायचा, कारण दुसऱ्या टप्प्यानंतर 'घर' आणि 'घरा' यांच्यातला फरकच उरत नाही. हा नियम फक्त देवनागरीतून आलेल्या शब्दांना लावा. कन्नडमध्ये शेवटचा 'अ' खरोखर उच्चारतात, तो काढलात तर कन्नड पत्राची दशा होईल. 'ळ' चा 'ल' आणि 'ण' चा 'न' होतो, 'गोळी' आणि 'गोली' सारखंच दिसतं, पण संदर्भाने कळतं. मोबाइलवर देवनागरी येण्याआधी आपण वर्षानुवर्षं एकमेकांना असंच लिहीत होतो की!

पत्राच्या मजकुराबरोबर विषय आणि पाठवणाऱ्याचं नावही बदलायला हवं. ही दोन्ही ईमेलमध्ये वेगळ्या सांकेतिक पद्धतीने बांधलेली येतात. स्क्रिप्टने ती आधी सोडवायची, मग लिपी बदलायची. हे राहून गेलं की मजकूर छान दिसतो आणि यादीत मात्र नुसती अगम्य अक्षरं.

जिथे अक्षर न् अक्षर नेमकं हवं, उदाहरणार्थ लग्नाची पत्रिका, कवितेचं पान, कचेरीची कन्नड नोटीस, तिथे रोमन पुरेसं नाही. त्या वेळी स्क्रिप्टकडून मजकुराचं चित्र करून घ्या. पँगो हा लिनक्सचा अक्षरजुळणीचा भाग जोडाक्षरं आणि वेलांट्या बिनचूक मांडतो, मग ते ३२० पिक्सेल रुंदीचं, काळं-पांढरं जेपेग करून पत्राला जोडायचं. टीएक्सचा पडदा ३२० बाय ४८० आहे, त्यामुळे चित्र आडवं सरकवावं न लागता खाली खाली वाचत जाता येतं. मी विषयात ठरावीक शब्द असला तर चित्र, नाहीतर रोमन, असा नियम लावून देतो. उत्तर लिहिताना मात्र रोमन मराठीच, काडीने लिहा किंवा पडद्यावरच्या कीबोर्डवर.

तुमच्याकडे टीएक्स आहे हे नशीबच. पाहुण्यांकडे दुसरं मॉडेल निघालं तर एवढं लक्षात ठेवा: झायर ३१ आणि टंगस्टन ई यांत कार्ड आणि हेडफोन आहेत, वायफाय नाही. गाणी होतील, पण पत्रं जे-पायलटमधून मेमो म्हणून आत पाठवून फक्त वाचता येतील. झी२२ मध्ये कार्डाची खाचही नाही आणि हेडफोनचा जॅकही नाही, त्यावर गाण्यांचा नाद सोडा. नोंदी आणि कॅलेंडर कुठल्याही मॉडेलवर ठेवलंत तरी पाम ओएसच्या तारखा २०३१ सालाशी संपतात, तोवर काकांच्या नोंदी दुसरीकडे उतरवून ठेवा.

पुढे कधी पत्रं यायची थांबली तर पाममध्ये हात घालण्याआधी लॅपटॉपकडे बघा. पहिल्यांदा गेटमेलची नोंदवही (लॉग) वाचा: गुगलने नकार दिला असेल तर तुम्ही जीमेलचा मुख्य पासवर्ड बदललेला असणार. तसं केलं की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात, नवा काढून घालावा लागतो. तिथे सगळं ठीक असेल तर लॅपटॉपवरूनच डव्हकॉटच्या ११० पोर्टला जोडून बघा. त्याने उत्तर दिलं तर दोष जुन्या राउटरकडे किंवा पामकडे. राउटर बंद-चालू करा, मग पामच्या पाठीवरच्या बारीक भोकात काडीचं टोक दाबून सॉफ्ट रीसेट करा, त्याने आतलं काही पुसलं जात नाही. पॉवरचं बटण दाबून धरून रीसेट करू नका, तो हार्ड रीसेट. तो सगळं पुसायची परवानगी विचारतो, आणि 'हो' म्हटलं की काकांचे पत्ते गेले.

हे करताना स्क्रिप्टपाशी अडलात तर तिची एरर आणि एखादं साधं, खाजगी काही नसलेलं पत्र पाठवा, मी बघून सांगतो. बाकीचं सगळं तुमच्या हाताने होण्यासारखं आहे.